पाहता पाहता : वहाणा काढून उभा राहिलेला संत



या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे की दरवर्षी आपण एखाद्या चित्रासमोर किंवा मूर्तीसमोर जरा वेळ उभे राहतो आणि मग घरी जाऊन फराळ करतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी चित्रकलेचा अभ्यासक नाही. धातुशास्त्रात डॉक्टरेट केली, तेच पस्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झालो. चित्रं पाहायची सवय बायकोने लावली. तिचे उपकार मानून दरवर्षी हे चार शब्द लिहितो.

यंदाची सुरुवात मात्र चित्रापासून नाही, आमच्या घरातल्या खोक्यांपासून करावी लागणार आहे. न्यू जर्सीतलं आमचं घर आम्ही काढतो आहोत. दोन माणसांना चार खोल्या वर आणि तळघर खाली कशाला? जिने चढताना गुडघे रोज हाच प्रश्न विचारतात. तेव्हा दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये जायचं ठरलं. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं आहे किंवा लवकरच करणार आहात. भांडीकुंडी, पुस्तकं, कॅसेट्स, १९८० सालापासूनचे टॅक्सचे कागद यांची वाटणी सोपी असते. अवघड असतो देव्हारा.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आमची अकरा वर्षांची नात मदतीला आली होती. तिच्या आजीने देव्हाऱ्यातले चांदीचे टाक एका तबकात काढून तिच्यासमोर ठेवले आणि पुसायला मऊ फडकं दिलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या कुलदैवतांच्या छोट्या प्रतिमा. आमच्याकडे पाच आहेत. १९७८ साली लग्नानंतर आम्ही इकडे परत यायला निघालो तेव्हा आईने ते माझ्या हाती दिले. हातरुमालात बांधून, खिशात ठेवून मी ते आणले होते.

नात पुसता पुसता थांबली. "आजोबा, हू इज धिस?"

"खंडोबा," मी वर न बघता म्हटलं.

"अँड धिस वन?"

"तोही खंडोबा."

"पण याच्याकडे कुत्रा नाहीये. आणि ती लेडी पण नाहीये. फक्त घोडा आणि सोर्ड."

मी चष्मा लावून पाहिलं. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. पहिल्या टाकावर घोड्यावर खंडोबा, त्याच्याबरोबर म्हाळसा आणि खाली कुत्रा. दुसऱ्यावर नुसता घोडेस्वार, हातात तलवार. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी पाच दिले, मी पाच पुजले. तुमचे देव, तुम्हीच सांगा."

सत्तेचाळीस वर्षं रोज ज्याच्यावर फूल पडलं तो कोण, हे मला सांगता आलं नाही. चांदी किती शुद्ध आहे, ती काळी का पडते, चिंचेने ती उजळते तेव्हा नेमकं काय होतं, हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकतो. पण त्यावर कोण बसला आहे, हे माहीत नाही! नात काही बोलली नाही. तिने तो टाक पुसून बाकीच्यांपासून जरा वेगळा ठेवला. मला ते लागलं.

आता चित्राकडे वळतो.

न्यूयॉर्कला पाचव्या ॲव्हेन्यूवर, ७० व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फ्रिक कलेक्शन आहे. हेन्री क्ले फ्रिक नावाच्या उद्योगपतीचं हे राहतं घर. तिथे दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे नातीला न्यायचं बरीच वर्षं राहून गेलं होतं. पुढे इमारतीचं मोठं काम निघालं आणि २०२० पासून ते घर बंदच होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उघडलं. जुलैमधल्या एका सकाळी ट्रेन पकडून आम्ही दोघं गेलो.

घराच्या मधल्या मोठ्या दिवाणखान्यात शेकोटीवर एल ग्रेकोचा संत जेरोम आहे. त्याच्या दोन बाजूंना हान्स होल्बाइनने काढलेली थॉमस मोर आणि थॉमस क्रॉमवेल यांची व्यक्तिचित्रं आहेत. या दोघांचं हयातीत पटलं नाही, दोघांचीही मुंडकी राजा आठव्या हेन्रीने उडवली आणि आता दोघं समोरासमोर तोंड करून कायमचे बसले आहेत. पण आपण त्यांच्याकडे पाठ करायची. समोरच्या भिंतीवर, टिशियनच्या दोन व्यक्तिचित्रांच्या मध्ये, आपलं चित्र आहे. 'अरण्यातला संत फ्रान्सिस'. चित्रकार जोवान्नी बेल्लीनी, व्हेनिस, काळ साधारण १४७५ ते १४८०. लाकडी फळीवर तैलरंग. उंची चार फूट, रुंदी साडेचार फुटांहून थोडी जास्त.

इंग्रजी नावात 'डेझर्ट' शब्द आहे. तो वाचून वाळूचे ढीग शोधायला जाल तर फसाल. चित्र हिरवंगार आहे. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ माणसांनी सोडून दिलेली, निर्जन जागा. आपला 'अरण्य' शब्द त्याला जवळचा. मागे तटबंदीचं गाव आहे, मेंढ्या राखणारा धनगर आहे, जवळच एक गाढव उभं आहे, त्याच्या पुढे एक बगळा. उजवीकडे निळसर-हिरवट खडकाचा उभा कडा आणि त्यात गुहेसारखी खोली. दारावर द्राक्षाच्या वेलाचा मांडव. मांडवाखाली एक साधं लाकडी मेज, त्यावर एक ग्रंथ, एक कवटी आणि एक लाकडी क्रूस, ज्याला काटेरी मुकुट अडकवला आहे. आणि या सगळ्याच्या पुढे, जाडाभरडा झगा घातलेला, दोन्ही हात पसरून, तोंड किंचित उघडून, वर डावीकडे पाहत एक माणूस अनवाणी उभा आहे. त्याच्या उजव्या हाताखाली दगडांच्या फटीतून एक ससा डोकावतो आहे. तो पाहायला जवळ जावं लागतं.

हे चित्र मी तीस-पस्तीस वर्षं पाहतो आहे. नातीला काही सांगायचं नाही, आधी तिला पाहू द्यायचं, असं ठरवलं होतं. तिला ससा दोन मिनिटांत सापडला. मग ती बराच वेळ गप्प होती.

"आजोबा, त्याने चपला काढल्यात."

"कुठे?"

"तिथे, टेबलाखाली. म्हणजे हे मंदिर आहे ना?"

मी पाहिलं. मेजाखाली, जिथून तो उठून पुढे आला तिथे, खरंच त्याच्या वहाणा पडल्या होत्या. तो अनवाणी आहे हे मला माहीत होतं. गरिबीचं व्रत घेतलेला साधू अनवाणी असायचाच, असं मी धरून चाललो होतो. त्याने वहाणा काढून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या आधी पायांत होत्या, म्हणजे काढायला काहीतरी कारण घडलं, एवढा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या दारात चपलांच्या स्टँडशी रोज वाकणाऱ्या मुलीने तो केला.

मग एका बाकावर बसून तिला गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

फ्रान्सिस इटलीतल्या असिसी गावचा. जन्म ११८१ किंवा ११८२. वडील कापडाचे श्रीमंत व्यापारी. पोरगा हौशी, गाणं-बजावणं आणि लढाईची स्वप्नं यांत रमणारा. पुढे सगळं सोडलं. वडिलांनी बिशपसमोर उभं केलं, तेव्हा अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून त्यांच्या हवाली केले. त्याच्या संप्रदायाच्या साधूंच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. १२२४ साली ला वेर्ना नावाच्या डोंगरावर तो उपवास आणि प्रार्थना करत राहिला. तिथे त्याला सहा पंखांच्या देवदूताचं दर्शन झालं आणि ख्रिस्ताच्या हातापायांना व कुशीला क्रूसावर झालेल्या जखमा त्याच्या स्वतःच्या देहावर उमटल्या, असं त्याची चरित्रं सांगतात. दोन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला. २०२६ मध्ये त्याला आठशे वर्षं होतात.

बेल्लीनीच्या आधी या प्रसंगाची चित्रं अनेकांनी काढली होती आणि त्यांचा एक ठरलेला साचा होता. आकाशात पंखांचा देवदूत, त्याच्यापासून निघून संताच्या हातापायांपर्यंत आलेल्या रेषा, गुडघे टेकलेला फ्रान्सिस आणि बाजूला त्याचा सोबती ब्रदर लिओ. जोत्तोचं असं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बेल्लीनीने यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. देवदूत नाही, रेषा नाहीत, लिओ नाही. गुडघेही टेकलेले नाहीत. तळहातांवर जखमांचे लहानसे ठिपके तेवढे आहेत. मग घडतं आहे काय?

यावर विद्वानांचं भांडण आहे आणि ते आपल्या न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये रंगलं, हे मला विशेष आवडतं. मिलार्ड मीस यांनी १९६४ साली या एका चित्रावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की प्रसंग जखमा उमटण्याचाच आहे, फक्त देवदूताचं काम बेल्लीनीने उजेडाला दिलं आहे. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. ढगांमध्ये पिवळसर तेजाची तिरीप आहे. त्या बाजूचं झाड उजळून वाकल्यासारखं दिसतं. फ्रान्सिस तिकडेच पाहतो आहे आणि त्याची सावली मागे पडली आहे. १९८२ साली प्रिन्स्टनचेच प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांनी दुसरी वाट धरली. फ्रान्सिसच्या अनुयायांच्या ग्रंथांतून त्यांनी दाखवलं की या चित्रात मोशेची कथा लपलेली आहे. बायबलमध्ये मोशे मेंढ्या राखत रानात जातो, तिथे जळणारं पण जळून न जाणारं झुडूप पाहतो आणि ही भूमी पवित्र आहे, पायांतले जोडे काढ, अशी त्याला आज्ञा होते. मेंढ्या आहेत, रान आहे, तेजाळलेलं झाड आहे, काढलेल्या वहाणा आहेत. म्हणजे नातीने अर्धं पुस्तक चपलांवरून गाठलं होतं! फ्लेमिंगसाहेबांना तिचा अभिमान वाटला असता.

तिसरं मत असं की फ्रान्सिस गातो आहे. तोंड उघडं आहे ते त्यासाठी. त्याने एक स्तोत्र रचलं होतं, त्यात सूर्याला भाऊ, चंद्राला बहीण, वाऱ्याला आणि अग्नीला भाऊ, पाण्याला बहीण म्हटलं आहे आणि शेवटी मरणालाही बहीणच. ते साधारण १२२५ मध्ये रचलं तेव्हा त्याचे डोळे गेल्यात जमा होते, उजेड सोसत नव्हता. अशा माणसाने सूर्याचे आभार मानावेत! आणि ते पंडितांच्या लॅटिनमध्ये मानले नाहीत, आपल्या मुलखातल्या लोकांच्या बोलीत मानले. इथे मराठी माणसाचे कान टवकारतात. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणला. दोघांची एकमेकांना वार्ताही नव्हती. पण देवाशी बोलायला आईची भाषा पुरते, हे दोघांनाही एकाच शतकात सुचलं. भंडारा डोंगरावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांना रानातल्या झाडा-पाखरांत गणगोत दिसत असे, तेही इथे आठवतं.

तरी सगळं सारखंच आहे, असं म्हणण्याची मला घाई नाही. आपल्याकडे कार्यक्रमांत ती फार होते. देवाच्या जखमा आपल्या अंगावर याव्यात ही इच्छा, वेदनेत भागीदार होण्याची ही ओढ, माझ्या वाढणुकीत नव्हती आणि ती मला आजही पूर्ण कळते असं नाही. चित्र पाहायला ती कळलीच पाहिजे असंही नाही. पाहुण्यासारखं, चपला बाहेर काढून, दारात उभं राहता येतं.

आता खुणांकडे. त्या काळच्या माणसाला हे चित्र एखाद्या पोथीसारखं वाचता येत असे. गाढव म्हणजे देह. फ्रान्सिस आपल्या शरीराला 'गाढवभाऊ' म्हणे : ओझं वाहणारा, हट्टी, पण आपलाच. एकटा बगळा म्हणजे एकांतात राहणारा साधू. कवटी म्हणजे मरणाचं स्मरण आणि ख्रिस्ताला जिथे क्रूसावर दिलं त्या जागेचीही आठवण, कारण त्या जागेच्या नावाचा अर्थच कवटी. द्राक्षवेल म्हणजे द्राक्षारस आणि तो म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. ससा हा भित्रा जीव, त्याला कडेकपारीचा आसरा. माणसाला तसा देवाचा. पाठीमागचं गाव म्हणजे त्याने सोडलेला संसार.

पण खुणेची गंमत अशी की तिचा अर्थ तिच्यात लिहिलेला नसतो, पाहणाऱ्याच्या ओळखीत असतो. ओळख सांगणारी माणसं गेली की बगळा नुसता बगळा राहतो. चित्र तेच, रंग तेच, फक्त ते बोलायचं बंद होतं. मग पाचशे वर्षांनी प्राध्यापकांना पुस्तकं लिहावी लागतात आणि तरी त्यांचं एकमत होत नाही.

बेल्लीनीविषयी दोन शब्द. बाप याकोपो चित्रकार, भाऊ जेन्तीले चित्रकार, मेहुणा मान्तेन्या त्याहून मोठा चित्रकार. असं ते घर. जेन्तीले १४७९ मध्ये इस्तंबूलला जाऊन तिथल्या सुलतानाचं व्यक्तिचित्र काढून आला. जोवान्नीने तैलरंगाचं तंत्र असं आत्मसात केलं की रंगाच्या पातळ थरांतून उजेड आतून आल्यासारखा वाटतो. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०६ साली व्हेनिसहून पाठवलेल्या पत्रात लिहिलं आहे की हा गृहस्थ फार म्हातारा झाला आहे, पण चित्रकलेत अजूनही सर्वांत चांगला तोच. सत्तरी ओलांडलेल्यांनी हे वाक्य आरशाजवळ लावून ठेवायला हरकत नाही.

हा गरिबीचा संत फ्रिकच्या बंगल्यात आला कसा? फ्रिकने हे चित्र १९१५ मध्ये विकत घेतलं. त्याचा पैसा पिट्सबर्गच्या कोकचा आणि पोलादाचा. मी पीएच.डी. त्याच शहरात केली, त्यामुळे फ्रिकचं नाव मला चित्रांच्या आधी कोकभट्ट्यांमुळे माहीत होतं. आणि होमस्टेडमुळेही. १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांचं आंदोलन मोडण्यासाठी त्याने पिंकर्टन कंपनीची बंदुकधारी माणसं नदीतून पाठवली. ६ जुलैला गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्याच महिन्यात एका तरुणाने फ्रिकवरही गोळ्या झाडल्या, तो वाचला. ज्या पिट्सबर्गला आपण बालाजीच्या दर्शनाला जातो, तिथून होमस्टेड काही मैलांवर आहे. नातीने विचारलं, "मग तो बॅड मॅन होता का?" मी म्हटलं, त्याने वाईट केलं आणि मरताना हे घर आणि ही चित्रं लोकांना देऊन गेला. दोन्ही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. त्या चित्रासमोर त्याला काय वाटत असेल, हे मी अनेकदा मनाशी विचारलं आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. या चित्राचं नाव आपल्याला कळलं कसं? बेल्लीनीने कोपऱ्यात एका छोट्या कागदाच्या चिठ्ठीचं चित्र काढून त्यावर स्वतःची सही केली आहे, पण विषय लिहिलेला नाही. तो लिहिला मार्कांतोनिओ मिकिएल नावाच्या एका व्हेनिसवासी उमरावाने. त्याला दुसऱ्यांच्या घरी जाऊन चित्रं पाहायची आणि वहीत टिपायची सवय होती. १५२५ साली तो तादेओ कोंतारीनीच्या घरी गेला आणि तिथल्या चित्रांची त्याने यादी केली. त्यात दोनचार शब्दांत लिहून ठेवलं : अरण्यातल्या संत फ्रान्सिसचं चित्र, तैलरंगात, काम बेल्लीनीचं, सुरू केलं झुआन मिकिएलसाठी, आणि त्यातला निसर्ग फार सुरेख उतरला आहे. बस्स! ही वही १८०० साली छापून निघाली. चित्र कुणी, कुणासाठी, कशाचं काढलं हे आज आपण खात्रीने म्हणतो ते बरंचसं या एका नोंदीच्या जोरावर. त्याच यादीत जोर्जोनेचं 'तीन तत्त्वज्ञ' हे चित्र आहे, ते आता व्हिएन्नाला असतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते न्यूयॉर्कला आणून फ्रिकने दोन्ही चित्रं काही महिने एकत्र लावली. एके काळी एकाच घरात राहिलेली दोन चित्रं सुमारे चारशे वर्षांनी परक्या देशात भेटली. ते प्रदर्शन पाहताना आम्हा दोघांना आमच्या भावंडांची आठवण झाली होती.

परतीच्या ट्रेनमध्ये नात म्हणाली, "आजोबा, त्या घोडेवाल्याचं पण कुणाला तरी विचारू या ना."

विचारण्यासारखं एकच माणूस उरलं आहे. माझी सर्वांत धाकटी आत्या, वय एक्याण्णव, नाशिकला असते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. नातीने टाक कॅमेऱ्यासमोर धरला. आत्याला नीट दिसेना. तिच्या सुनेने फोन डोळ्यांजवळ नेला.

"अरे, तो खंडोबा कुठला? तो वीर!" आत्या म्हणाली.

"वीर म्हणजे?"

"आपल्या घराण्यातला पुरुष. लढाईत गेला म्हणायचे. त्याचा टाक करून देवात बसवला. धुळवडीला दादा त्याला गोदावरीवर मिरवत न्यायचे. तुला खांद्यावर घेऊन गेलेत की रे! विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. मला ढोल आठवत होता, गुलाल आठवत होता, आजोबांच्या फेट्याचा वास आठवत होता आणि संध्याकाळच्या गर्दीत नदीकाठची भीती वाटलेली आठवत होती. ते सगळं कशासाठी होतं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. सत्तर वर्षं ती आठवण एका खणात आणि तो टाक दुसऱ्या खणात पडून होता.

"आत्या, त्याचं नाव काय?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजीला माहीत होतं. आम्ही कुणी विचारलं नाही, बाळ."

नाव गेलं. ते आता मिळणार नाही. पण तो वीर आहे, आमचा आहे, धुळवडीला नदीवर जायचा, एवढं आत्याच्या तोंडून वाचलं. अजून दोन-तीन वर्षं मी थांबलो असतो तर तेही गेलं असतं आणि मी दुसरा खंडोबा म्हणून त्याला पुजत राहिलो असतो. माझ्या मुलाने तर चांदीचा एक जुना तुकडा म्हणून तो खोक्यात ठेवला असता. त्यात त्याची चूक काय? त्याने लहानपणी "बाबा, हे काय?" असं विचारलं होतं तेव्हा मी "नमस्कार कर आणि अभ्यासाला बस" असं म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. मला उत्तर येत नव्हतं, आणि ते मी आवाजाखाली लपवलं. हे मी त्याला यंदा सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "आय न्यू, बाबा."

त्या रविवारी नातीने एक वही केली. प्रत्येक टाकाचा फोटो चिकटवला आणि त्याखाली एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलं. तिचं मराठी अक्षर वाकडं आहे, वेलांट्या कुठेही जातात. पाचव्या टाकाखाली लिहिलं आहे : 'वीर. घोडा आणि तलवार. कुत्रा नाही. नाव माहीत नाही. पणजीआत्याने सांगितले, जुलै २०२५.' मिकिएलच्या वहीत यापेक्षा फार जास्त काही नव्हतं.

देव्हारा कुणाकडे जायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या तो आमच्याबरोबर नव्या जागी येतो आहे. मुलाच्या घरी रोज पूजा होणार नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि मला ते पटलं. पण टाक नेताना वही बरोबर जाईल, हे ठरलं आहे.

तेव्हा मंडळी, यंदा सदराच्या शेवटी एक गृहपाठ देतो. जुनी सवय आहे, राग मानू नका. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे जमलेले असतील, तेव्हा घरातली एक वस्तू घ्या. टाक असो, आजीचा करंडा असो, भिंतीवरची तसबीर असो, आईचं जातं असो. ती काय आहे, कुणाची, कुठून आली आणि तिच्यावर काय कोरलंय, हे एका ओळीत लिहून ठेवा. मुलांना लिहायला सांगा, अक्षराला हसू नका. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा. आणि देशात कुणी नव्वदीचं माणूस असेल तर तिथली वेळ बघून आजच फोन करा.

फ्रिकला गेलात तर दिवाणखान्यात थांबा. ससा शोधा, तो सापडला की मेजाखाली पाहा. बाकीचं उजेड दाखवेल.

शुभ दीपावली!